सुकवारोकाकीचा पसहर

सुकवारोकाकीची आणि माझी ओळख झाली ती तिने माझं मनगट पकडलं तेव्हा. आमच्या ह्यांची त्या गावच्या शाळेवर बदली झाली होती आणि मी वर्ध्याकडून नवा संसार मांडायला आले होते. गाव चोरखमाऱ्याच्या तलावाखालचं. नहराने, म्हणजे कालव्याने, पाणी यायचं आणि नजर जाईल तिकडे धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं. आम्ही कापूस-ज्वारीच्या मुलखातली माणसं, भाताची आणि आमची गाठ ताटातच पडायची. त्यामुळे घरामागच्या बांधीत बाकीच्या धानापेक्षा हातभर उंच, लालसर कुसळांच्या लोंब्या डुलताना दिसल्या तेव्हा मला त्या फार आवडल्या. देवापुढे ठेवाव्यात म्हणून मी वाकून एक खुडली.

"मुठ उघडू नोको!"

मागून एक उंच, हडकुळी बाई धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, धावत आली आणि माझं मनगट तिने असं आवळलं की माझ्या बांगडीचा तुकडा पडला. मला वाटलं, लोंबीवर विंचू आहे. ती माझ्या चेहऱ्याकडे पाहतच नव्हती. सगळं लक्ष माझ्या मुठीकडे.

"अशीच बंद ठेव. घरी चाल. चुलीत टाकू."

मी चोरासारखी मूठ आवळून पुढे आणि ती मागे, अशी आमची वरात घरापर्यंत गेली. चुलीशी मूठ उघडली तर लोंबीचे निम्मे दाणे आधीच सुटून तळहातावर आले होते. काळपट, लांब कुसळाचे. तिने त्यातला एक नखाने सोलून दाखवला. आतला तांदूळ लालभडक.

"धान नोहे हे. करगा हाय. हात लावला का झडते. झडला का चिखलात जाते, अना चिखलात झोपून राहते. दोन सालानं उठते, चार सालानं उठते. त्याच्या मनात आलं का उठते." मग तिने पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं आणि विचारलं, "तुमच्या घरचे सगळे हायेत ना?"

"कसे आहात" असं ती कोणालाच विचारत नसे. बाजारात भेटा, विहिरीवर भेटा, प्रश्न हाच: सगळे हायेत ना? मला पहिल्यांदा तो अभद्र वाटला. काय ही बाई, भरल्या घरात माणसं मोजायला लावते! पण हळूहळू कळलं की तिच्या लेखी दुसरं काही विचारण्यासारखं जगात नव्हतंच. असणं हीच बातमी.

काकी मूळची छत्तीसगडाकडची. शुक्रवारी जन्मली म्हणून सुकवारो. लग्न होऊन इकडे आली, इकडची बोली शिकली, पण रागावली की तिकडचं बोलायची आणि मग तिची सूनही गप्प बसायची. नवरा तापाने कधीच गेला होता. घरात ती, मुलगा बिसाऊ आणि सून. जमीन म्हणजे मालगुजाराकडून, म्हणजे गावच्या जमीनदाराकडून, बटाईने केलेली ती एकच बांधी, आणि बांधीच्या वरच्या कोपऱ्याला एक लहानशी बोडी. बोडी म्हणजे आमच्याकडचं डबकं म्हणा, पण बारमाही ओल असलेलं. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून बांधी आणि बोडी दोन्ही दिसत. पाच वर्षं मी भाजी चिरताना समोर काकीलाच पाहत आले.

तिचं चालणं वेगळं होतं. दुसऱ्या बायका धुऱ्यावरून ताठ चालत, ही बांधीकडे वाकून, कान देऊन चालायची. धान एका रंगाचं, एका उंचीचं असलं तरी तिचं समाधान होत नसे. परकं रोप, म्हणजे करग्याचं, पोटरीत येईपर्यंत धानासारखंच दिसतं. तेच पान, तीच कांडी, तोच वास. निंदायला बसलेली बाई त्याच्या बुंध्याची माती मोकळी करते, शेजारचं गवत काढते, पोटच्या पोरासारखं त्याला वाढवते आणि धान पिकायच्या आधी ते आपलं सगळं बी चिखलात सांडून मोकळं होतं. कापायला जावं तर हाती रिकामी काडी. काकी म्हणायची, "चोर घरात आला तं ओळखू येते व बाई. हा तं आपल्याच पंगतीत जेवून राहिला." हे सांगताना तिचा आवाज खाली जायचा, जणू बांधीला ऐकू जाईल. मी हसायची. हसून झाल्यावर खिडकीतून त्या हिरव्या शेताकडे पाहायची आणि मला आपलं उगाच गार वाटायचं.

श्रावणात कृष्णपक्षातल्या षष्ठीला तिचा उपास असे. ती त्याला कमरछट म्हणायची. आयांनी लेकरांसाठी करायचा. त्या दिवशी नांगरलेल्या जमिनीवर पाय ठेवायचा नाही आणि नांगराने पिकवलेलं काही खायचं नाही. मग खायचं काय? तर पसहर. पाणथळीत आपोआप उगवणारं रानधान. त्याचा लाल भात, म्हशीचं दही आणि सहा तऱ्हेच्या रानभाज्या. अंगणात खड्डा खणून लहानसं तळं करायचं, काठाला काशी गवत रोवायचं, पूजा करायची. पूजा झाली की पांढऱ्या मातीत भिजवलेलं फडकं लेकराच्या पाठीवर मारायचं. बिसाऊ तेव्हा बाप्या माणूस, मिशा फुटलेला, धानाचं पोतं एकटा उचलणारा. तो उघडा होऊन आईपुढे पाठ करून बसायचा आणि ती त्याच्या पाठीवर थापा मारत राहायची. पोरं हसत. ती मुळीच हसत नसे. पाठ पांढरी झाली तरी थांबत नसे. शेवटी तोच म्हणायचा, "माय, पुरे व."

अशाच एका कमरछटीला तिने मला सगळं सांगितलं. बिसाऊच्या आधीची तिची लेकरं राहिली नव्हती. एक पाळण्यात गेलं, एक चालायला लागल्यावर, एकाने तर डोळेच उघडले नाहीत. तिसऱ्याच्या वेळी तिची आई तिकडून आली. तिने पाहिलं, या गावात पसहर मिळत नाही, पोरगी कमरछटीला साधा तांदूळ खाऊन उपास सोडते. आईने कपाळावर हात मारला. पुढच्या खेपेला लुगड्याच्या टोकाला बांधून तिने मूठभर पसहर आणला आणि बोडीत फेकला. तो तिथे रुजला. त्यानंतर झालेला बिसाऊ. जन्मताच त्याला सुपातल्या कोंड्याच्या मोलाने सुईणीला विकला आणि परत विकत घेतला, म्हणून नाव बिसाऊ. घेतलेला.

"पसहर रुजला तवा पोरगा राहिला," काकी म्हणाली. "बोडीत थो हिरवा दिसते ना, तवा मले श्वास येते."

माझ्या पोटात तेव्हा माझं पहिलं मूल होतं. त्या वर्षी तिने दिलेला लाल भात मी खाल्ला. चौथी शिकलेली होते, ग्रहणात भाजी चिरणारी होते, तरी खाल्ला. पानात एक शीत ठेवलं नाही.

करगा मात्र वाढत होता. काकीच्या बांधीतून पाणी खालच्या बांध्यांत उतरायचं आणि पाण्याबरोबर दाणेही. खालचे शेतकरी कुरकुरू लागले. एका सालच्या कापणीला मालगुजाराचा दिवाणजी छत्री टेकत धुऱ्यावर आला, मूठभर रिकाम्या काड्या तिच्यासमोर धरल्या आणि म्हणाला, "बुढी, ये क्या घास बो रही है? मालिकाले हिस्सा काय देशीन, काड्या?" अजून दोन पिकं देतो, म्हणाला. त्यात बांधी साफ झाली नाही तर दुसरा माणूस उभा करणार.

बिसाऊ तिथेच म्हणाला, "बांधी गेली तं मी खाणीत जातो."

खाण म्हणजे बालाघाटकडची मॅंगनीजची. गावातला एक धडधाकट गडी तिकडे गेला होता आणि दरड अंगावर येऊन तिथेच मेला होता. त्याची आई आमच्या गल्लीतच राहायची. बिसाऊ ते वाक्य सहज बोलून गेला. पण त्या दिवसापासून काकीचं जेवण सुटल्यासारखंच झालं. मी भाकरी पाठवली तर सून रात्री ती तशीच परत आणायची.

मग शेतकी खात्याचा कामदार जांभळं धान घेऊन आला. नागपूरकडचा तरुण, गोड बोलणारा, सायकलच्या मागे बियाण्याची थैली. या धानाचं पानच जांभळं, तो म्हणाला. सगळी बांधी जांभळी होईल. मधे जे हिरवं दिसेल तो करगा. डोळे मिटूनही ओळखू येईल! गावात कोणी ते घेईना. जांभळं शेत म्हणजे कुणाला मेलेल्या माणसाची नखं आठवली, कुणी म्हणालं बैल खाणार नाहीत. पण काकीच्या डोक्यावर दिवाणजीची मुदत. तिने पेरलं.

खरंच, शेत जांभळं झालं. उन्हात ते जवळजवळ काळं दिसे आणि मला खिडकी लावून घ्यावीशी वाटे. पण त्यात हिरवी रोपं अशी उठून दिसत की काकी आणि सुनेने भराभर उपटली. त्या सालची कापणी भरगच्च झाली. दिवाणजी हिस्सा घेऊन गेला. त्या कापणीला मी काकीला हसताना पाहिलं. तिला पुढचे दात नव्हते, हे मला तेव्हा समजलं. हसली की लहान मुलीसारखी दिसे. माझ्या मुलाला तिने कडेवर घेतलं, खांद्यावर थोपटलं आणि त्याला म्हणाली, "भिऊ नोको रे, सोन्या." तो भीत नव्हता. ती स्वतःलाच सांगत असावी.

पुढच्या साली बियाणं तिच्याच बांधीतलं. पुन्हा शेत जांभळं, आणि हिरवं रोप शोधूनही सापडेना. निंदायला आलेल्या बायका रिकाम्या हाताने बसून पान खात होत्या. खालच्या शेतकऱ्यांनीही बी मागून ठेवलं. मी तर आमच्या ह्यांना म्हटलं, बघा, शिकल्या-सवरलेल्या माणसांनी आणलेलं काहीतरी एकदा कामाला आलं.

नवरात्राच्या सुमारास एका सकाळी मला धुऱ्यावर काकी उभी दिसली. हलत नव्हती. मुलाला काकीच्या सुनेकडे देऊन मी गेले. तिने नुसतं बोट केलं. जांभळ्या पानांतून, जांभळ्याच कांडीवर, लालसर कुसळ बाहेर आलं होतं. मग शेजारी दुसरं. मग नजर बसली तसं मला ते सगळीकडे दिसू लागलं. त्याने रंग बदलला होता. आम्ही ज्या रंगाच्या भरवशावर निर्धास्त झोपलो होतो, तोच रंग अंगाला फासून ते उभं होतं. त्या सकाळी मला जितकी भीती वाटली तितकी पुढे लढाईच्या बातम्या ऐकतानाही वाटली नाही. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. एखादी वस्तू मुद्दाम करत नाही, तिला मन नाही, हे ठाऊक असूनही ती आपल्याला ओळखून आहे असं वाटणं फार वाईट.

आमच्या ह्यांनी निरोप पाठवून कामदाराला बोलावलं. त्याचाही चेहरा उतरला. तो बांधीत फिरला, फिरत फिरत बोडीशी गेला आणि तिथेच थांबला. पसहर फुलावर आला होता. त्याने एक लोंबी वाकवून सोडली, तेवढ्यानेही पिवळी भुकटी उडाली.

"काकी, हे कधीपासून आहे इथं?"

उत्तर बिसाऊने दिलं.

कामदाराने मग समजावून सांगितलं, आणि चांगलं सांगितलं. पसहर आणि धान एकाच घराण्यातले. दोघं एकाच वेळी फुलतात. धानाच्या फुलातली भुकटी बहुतेक त्याच्या त्याच्यातच पडते, पण थोडी वाऱ्याने इकडची तिकडे जाते. त्यातून जो दाणा होतो तो दिसायला धानासारखा आणि वागायला पसहरासारखा. करगा तोच. आता धान जांभळं पेरलं, म्हणून त्या संगतीने करगाही जांभळा झाला. "तुम्ही बांधीत कितीही निंदा," तो म्हणाला, "बोडी आहे तोवर दरसाल नवा करगा जन्मणार. बोडी साफ करा. आजच करा, फूल झडायच्या आत. बांधीतला मग आपण दोन-तीन सालांत मोडून काढू. दिवाणजींना मी सांगतो, ते एक साल वाढवून देतील."

"नाही," काकी म्हणाली.

"पण काकी..."

"नाही नाही नाही. त्याले हात नोका लावू." ती बोडीच्या आणि आमच्या मधे आली. दोन्ही हात पसरले होते.

बिसाऊ म्हणाला, "माय, मी काय गवताच्या जोरावर जिऊन राहिलो? उपटून टाक."

तिने त्याच्या तोंडावर हात दाबला. एवढा मोठा गडी, पण त्याने तो बाजूला सारला नाही. तिच्या बोटांवरून मला फक्त त्याचे डोळे दिसत होते, आणि त्या डोळ्यांत, देवाशप्पथ, थोडी भीती होतीच.

नंतरचे दिवस फार विचित्र गेले. बोडी काही मोठी नव्हती. दोन गड्यांनी दुपारपर्यंत साफ केली असती. पण कोणी पुढे येईना. खालचे शेतकरी, ज्यांचं नुकसान होत होतं, तेही बोडीपर्यंत येऊन परत गेले. दिवाणजीने आपल्या गड्याला सांगितलं तर गडी म्हणाला, "नोकरीवरून काढा, पन एकुलत्या पोराच्या आयुष्याले मी हात लावत नाही." दिवाणजीने स्वतःची छत्रीही तिथे टेकली नाही. आमचे हे म्हणाले, शाळेतल्या मोठ्या पोरांना घेऊन जातो. मी दारात आडवी उभी राहिले. मला सगळं कळत होतं, वारा, भुकटी, घराणं, सगळं. तरी मी म्हटलं, आपल्याला एकच मूल आहे. ते रागावले आणि, खरं सांगायचं तर, त्यांना बरंही वाटलं.

बिसाऊने खाणीच्या मुकादमाशी बोलणं केलं. काकीला ते कळलं. बोडी ठेवावी तर बांधी जाते आणि पोरगा खाणीत जातो. बोडी काढावी तर, तिच्या हिशेबाने, पोरगाच जातो. ती खिडकीशी येऊन मला एवढंच म्हणाली, "कसं करू व बाई? कोनीकडून जाऊ?" मी तिला आत बोलावलं. ती आली नाही.

त्याच आठवड्यात आमच्या बदलीचा हुकूम आला. गोंदियाला हजर व्हायचं होतं. निघायच्या दिवशी सकाळी मी काकीच्या घरी गेले तर दार लोटलेलं. सून चुलीपुढे बसून नुसती विस्तवाकडे पाहत होती. म्हणाली, "बोडीवर हायेत." सामान भरलं, मूल मांडीवर घेतलं आणि आमची बैलगाडी नहराच्या कडेने निघाली.

काकी बोडीत कमरेइतक्या पाण्यात उभी होती. एकटीच. लुगडं वर खोचलेलं, केस सुटलेले. गाडीवानाने न सांगता बैल थांबवले. काठावर एक भलं मोठं मडकं होतं. ती पसहराची जुडी दोन्ही हातांनी मुळासकट ओढायची, लोंब्या बुडवून पाण्यातच मोडायची, म्हणजे भुकटी उडू नये, आणि मडक्यात कोंबायची. धुऱ्यावर बिसाऊ उभा होता. त्याला तिने खाली उतरू दिलं नव्हतं. तिथेच, तिला दिसेल असा, ताठ उभा राहा म्हणून सांगितलं असावं.

प्रत्येक जुडी उपटली की ती मान वळवून हाक मारायची, "बिसाऊ!"

"हाव, माय," तो म्हणायचा.

मग ती पुढच्या जुडीला हात घालायची. मी गाडीतून तिला हाक मारणार होते, पण त्या दोघांच्या मधे शब्द टाकायचा माझा धीर झाला नाही. मी मुलाला घट्ट धरून बसले. गाडीवानाने बैल हाकले. बरंच लांब येईपर्यंत मागून दोन्ही आवाज येत होते, तिचा आणि मग त्याचा. नहराच्या वळणाला त्याचा आवाज ऐकू येईनासा झाला. तो जरा हळूच बोलायचा. तिचा मात्र त्यानंतरही कितीतरी वेळ येत राहिला. "बिसाऊ!" आणि थोडं थांबून पुन्हा, "बिसाऊ!"